दुसऱ्या बोटावरची नखी

पिंड मांडून बराच वेळ झाला, तरी कावळा शिवेना.

हणमंतराव ओल्या धोतरात विहिरीच्या काठावर उभे होते. मिशी उतरवल्यामुळे त्यांचा वरचा ओठ उघडा पडला होता आणि कुणीतरी चारचौघांत अपमान केल्यासारखा चेहरा दिसत होता. थोरल्या भावाला, रघुपतींना, मुलगा नव्हता. एकुलती एक मनस्विनी. म्हणून दहाव्याचं सगळं हणमंतरावांच्या हातून चाललं होतं. श्रीरंगपट्टणला नदीवर जाऊ या असं बहीण तुंगाबाई म्हणाल्या, तेव्हा त्यांनी ते उडवून लावलं होतं. “कशाला तेवढ्या लांब? हेब्बाळच्या पुढं माझा मळा आहे, मळ्यात विहीर आहे, सावलीला वड आहे. आणि कावळ्यांना काय तोटा तिथं?”

तोटा खरंच नव्हता. काव काव ऐकू येत होती. फक्त ती द्राक्षांच्या मांडवापलीकडून, पंपाच्या खोलीमागून येत होती, आणि इकडे कुणी फिरकत नव्हतं.

बायकांनी लांब बसायचं म्हणून मनस्विनी तुंगाआत्याजवळ वडाखाली बसली होती. वर फांद्याफांद्यांवर मोठी वाघळं लटकली होती. फाल्गुनाच्या उन्हात ती पंखांनी स्वतःला वारा घालत होती. मधूनच दोघांचं भांडण जुंपे, किचकिचाट होई आणि पुन्हा शांत. या वडापायी दोन भावांत वीस वर्षं धड बोलणं नव्हतं. रघुपती कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत, वटवाघळांवरच त्यांनी हयात घालवली. मळ्यातला आपला हिस्सा त्यांनी धाकट्याला आनंदानं सोडून दिला होता, पण एका अटीवर. वड पडता कामा नये. अट तोंडीच होती. ते जिवंत होते तोवर हणमंतरावांनी ती दात ओठ खात पाळली. आणि गेल्या आठवड्यात, समाचाराला आलेल्या माणसांदेखत, चहाचा पेला खाली ठेवत त्यांनी मनस्विनीला सांगून टाकलं, “तेरावा झाला की दुसऱ्या दिवशी करवतवाले येणार आहेत. आता कुणासाठी ठेवायचा तो वड?”

तिनं त्यांचा पेला उचलून आत नेला होता. ती एका कॉलेजात ग्रंथपाल होती, वडिलांसारखीच, अप्पांसारखीच कमी बोलणारी. माणसं याला तिचा शिष्टपणा समजत.

“काहीतरी राहिलंय त्याच्या मनात,” तुंगाआत्या म्हणाल्या. त्यांनी पदर सावरला आणि पिंडाच्या दिशेनं हात जोडले. “रघू, तुझ्या मनूचं लग्न आम्ही करून देतो रे. काळजी करू नकोस. ये, शिव बाबा.”

“छत्तीस वर्षांची आहे मी, आत्या.”

“म्हणूनच तर तो अडून बसलाय!”

कावळा आला नाही.

“अण्णा, तुझी पुस्तकं कॉलेजला देतो,” हणमंतराव मोठ्यानं म्हणाले. “तुझ्या नावानं कपाट करतो. काचेचं.”

मांडवापलीकडे कावळ्यांचा एकच गलका उठला, पण इकडे पानही हललं नाही.

“काचेचं नको असेल,” मनस्विनी म्हणाली.

हणमंतराव गर्रकन वळले. “तू सुम्मने बस, गप! टोमणे मारायची ही वेळ आहे का? तुझ्या बापानं जन्मभर उलटी लटकलेली जनावरं मोजली आणि माझी द्राक्षं त्यांच्या घशात गेली. मी फॉरेस्टच्या ऑफिसात जाऊन विचारून आलोय. कायद्यातच लिहिलंय. फळं खाणारी वटवाघळं म्हणजे उपद्रवी प्राणी. कितीही मारा, कुणी विचारणार नाही.”

“लिहिलंय खरं. त्याच यादीत आणखी कोण आहे, ते नाही सांगितलं का त्यांनी?”

“कोण?”

“उंदीर आहेत. घुशी आहेत. आणि सगळ्यांत वर कावळा आहे. ज्याची तुम्ही सकाळपासून हात जोडून वाट बघताय.”

भटजींनी खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं. हणमंतरावांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. “हे असलं बोलणं त्यानंच शिकवलं तुला.”

हो, त्यांनीच, असं म्हणायचं तिच्या ओठांवर आलं होतं. पण ती उठली. पाय धुऊन येते असं आत्याला सांगून पंपाच्या खोलीकडे निघाली. मांडवाच्या कडेनं नायलॉनची जाळी लावली होती. निळ्याजांभळ्या घडांवर पांढरी धूळ होती. खोलीला वळसा घातला आणि ती जागच्या जागी थांबली.

मागे चर खणला होता. चरात वटवाघळं टाकली होती. जाळ्यात अडकलेली, काठीनं मारलेली, एकावर एक. काही आजची असावीत. आणि त्यांच्यावर कावळे बसले होते. ओरडत, एकमेकांना ढकलत, ओढाओढ करत. दोघा-तिघांची पोटं इतकी भरली होती की ते नुसते काठावर चोच आ करून बसले होते. ती आली तरी उडाले नाहीत. दोन उड्या मारून बाजूला झाले, एवढंच.

मनस्विनीनं एक काटकी घेतली आणि उकिडवी बसली. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. हात आपोआप जुनं काम करू लागले. एक पंख उलगडला. दुसरा उलगडला.

वटवाघळाचा पंख म्हणजे त्याचा हातच, आणि अंगठ्याला नखी सगळ्याच वटवाघळांना असते. दुसरं बोट बघायचं. दुसऱ्या बोटाच्या टोकाला इवलीशी नखी असेल तर हे फळं खाणारं कुळ. नसेल तर सहसा नाही. अप्पांनी ती सात-आठ वर्षांची असताना हे शिकवलं होतं, आणि ‘सहसा’ हा शब्द ते कधीही गाळत नसत. “कारण एक-दोघं या कुळातली असूनही नखी न घेता फिरतात,” ते सांगत. “जगात दीडशेच्या वर जाती आहेत, बाळ, आपल्या देशात डझनभर. कुणी अंगठ्याएवढं, फुलात जीभ घालून मध चाटणारं. कुणाचे पंख पसरले तर दारात मावायचे नाहीत. कुणाला शेपूट, कुणाला शेंडाच नाही. बहुतेक सगळे डोळ्यांच्या भरवशावर उडतात, पण एक शाखा अशी आहे की गुहेतल्या अंधारात जिभेनं टकटक करत वाट काढते. आपल्या घरासारखंच आहे. आडनाव एक, बाकी कुणाचं कुणाशी जमत नाही.”

दक्षिणेतल्या एका डोंगरावर कुणा मळेवाल्यानं पकडलेलं एक वाघूळ मुंबईच्या संग्रहात वीस-बावीस वर्षं भलत्याच नावानं पडून होतं, ही अप्पांची लाडकी गोष्ट. साधं, नेहमीचं म्हणून चिठ्ठी लावली होती. पुढे एकानं खण उघडून नीट पाहिलं, तर शेपूटच नव्हतं, दात वेगळे होते. नुसती जात नव्हे, जिच्यात जाती मोडतात ती प्रजातीच निराळी निघाली. जगात दुसरीकडे कुठंच नाही. “आणि कायद्याच्या यादीत तेही उंदरा-घुशींच्या पंगतीला,” अप्पा म्हणत. “मारणाऱ्यानं मारण्याआधी निदान हात तरी बघावा.”

तिनं हात बघितले. नखी नाही. नखी नाही. हे आखूड नाकाचं, याला आहे. नखी नाही. हे जिभेनं टकटक करणारं, तपकिरी. याला आहे. मग पुन्हा नाही, नाही, नाही. चरातली बहुतेक वटवाघळं द्राक्षाला तोंडही न लावणारी होती. मांडवावर येणारे भुंगेरे खायला ती येत असणार, ज्या भुंगेऱ्यांवर काका दर हंगामात औषध फवारतात. आणि वडावरचं मोठं वाघूळ त्या ढिगात एकही नव्हतं.

एक कावळा तिच्या काटकीजवळ आला आणि त्यानं हक्कानं एक पंख ओढून नेला.

तेव्हा तिच्या लक्षात आलं. कावळ्यांना भूकच नव्हती.

हे जाऊन सांगितलं असतं तर घोर तिथंच मिटला असता. माणसांनी चर बुजवला असता, कावळे इकडे वळले असते, अप्पांचा पिंड शिवला गेला असता. आणि चार दिवसांनी करवत आली असती. तिनं काटकी टाकली, खरोखरच पाय धुतले आणि परत येऊन आत्याजवळ बसली.

विहिरीपाशी भटजी दर्भाच्या काड्या जुळवत होते. कावळा येत नाही तेव्हा दर्भाचा कावळा करून पिंडाला टेकवतात, तशी सोय शास्त्रात आहे.

“करा गुरुजी, उरका,” हणमंतराव म्हणाले. “ऊन चढलंय.”

“करा,” मनस्विनी म्हणाली. “गवताला कावळा म्हणा, पिंडाला टेकवा. खोट्या चिठ्ठीची अप्पांना किती चीड होती, ते तुम्हाला ठाऊक आहेच, काका. ते उपाशी राहतील, एवढंच. आणि उपाशी माणूस कुठं घुटमळतो? जिथं त्याचं ताट मांडलं तिथं. तुमच्या मळ्यात.”

या सगळ्यावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. काकांचा मात्र होता. लहानपणी हेच काका अमावस्येला परसात जायला अप्पांना सोबत नेत. ते तिला अप्पांनीच हसत हसत सांगितलं होतं.

तुंगाआत्यांचा चेहरा उतरला. “हणम्या, काय ते बोलून टाक रे. त्याच्या मनात काय आहे ते तुलाही कळतंय, मलाही कळतंय.”

“मला काही कळत नाही!”

“वर बघ म्हणजे कळेल!” आत्या ओरडल्या.

सगळ्यांनी वर बघितलं. वाघळं पंख हलवत होती. हणमंतरावांनी एकट्यानं खाली, पिंडाकडे बघितलं. पिंडावरचे तीळ उन्हानं सुकले होते.

“स्वल्प थांबा गुरुजी,” ते म्हणाले. “हातावर पाणी घाला.”

भटजींनी पळीभर पाणी घातलं.

“अण्णा,” हणमंतराव म्हणाले आणि अडखळले. मग एकेक शब्द दगडासारखा टाकत बोलले, “हा वड मी तोडणार नाही. तोडू देणार नाही. माझ्यामागं माझी पोरंही तोडणार नाहीत. सरी? ठीक? झालं तुझं समाधान?” त्यांनी पाणी सोडलं.

सगळे आभाळाकडे बघत राहिले. कावळा आला नाही.

हणमंतरावांच्या चेहऱ्यावर हळूहळू एक हसू पसरू लागलं. “बघा! म्हणजे त्याला वडाचं काही पडलेलंच नव्हतं. सुम्मने, उगाच माझ्याकडून—”

“पान उचला, काका, आणि माझ्यामागून या,” मनस्विनी म्हणाली.

“कुठं?”

“कावळे आहेत तिथं.”

त्यांनी भटजींकडे बघितलं. भटजी म्हणाले, कावळा शिवल्याशी कारण, जागेचं काही नाही. दोन्ही हातांत पिंडाचं पान धरून हणमंतराव तिच्यामागून निघाले, त्यांच्यामागून आत्या, त्यांच्यामागून चार-सहा नातलग. पंपाच्या खोलीला वळसा घातल्यावर कुणीतरी “शिव शिव” म्हणून नाकाला उपरणं लावलं. चरावरून कावळे उठले आणि पुन्हा बसले.

“इथं ठेवा.”

हणमंतरावांनी चराच्या काठाला पान ठेवलं. वाकलेले होते तसेच ते क्षणभर राहिले. समोर त्यांनीच मारवलेला ढीग होता. मग त्यांनी मान वर करून पुतणीकडे बघितलं, आणि तीही त्यांच्याकडेच बघत होती.

“कावळे जेवलेत, काका,” ती म्हणाली. “सकाळपासून जेवताहेत. तुम्हीच वाढलंत.”

“तुला ठाऊक होतं.”

“हो.”

“मी पाणी सोडायच्या आधी ठाऊक होतं.”

“हो. आणखी एक सांगू? यातल्या बहुतेकांनी तुमचं एक द्राक्ष खाल्लेलं नाही. ती तुमचे भुंगेरे खात होती. हात बघितला असतात तर कळलं असतं.”

त्यांचा उघडा ओठ थरथरला. राग होता, लाज होती, भीतीही होती. ती एकटक बघत होती. वीस वर्षं अप्पांनी ज्याची वाट बघितली ते या तोंडावर उमटताना तिला बघायचं होतं. एवढ्यात मागून आत्या किंचाळल्या, “शिवला! शिवला गं बाई! रघू, सुटलास रे!” आणि सगळ्यांचे हात जोडले गेले.

हणमंतरावांनीही जोडले. मग हात न सोडताच ते तिला म्हणाले, “पाणी सोडलंय, मागं घेणार नाही. वड राहील. पण मळ्याच्या फाटकातून तू आता आत यायचं नाही. अण्णाची पोर म्हणून आजवर येत होतीस. आजपासून तू माझी कुणी नाहीस.”

“हणम्या!” आत्या म्हणाल्या.

“सरी,” मनस्विनी म्हणाली.

जेवणाला ती थांबली नाही. वडाखालून आपली पिशवी उचलली. वर बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर तिथंच बसावंसं वाटलं असतं. फाटक आपल्या हातानं लावून घेतलं आणि शहरातल्या शिवाजीनगरच्या बससाठी रस्त्याच्या कडेला उभी राहिली. उन्हात डांबराचा वास येत होता. वड वाचला होता. हे तिनं मनाशी एकदा म्हणून बघितलं, पुन्हा म्हणून बघितलं.

बस आली, खिडकीची जागा मिळाली. हेब्बाळचं तळं मागे पडत असताना शेजारच्या बाईनं तिच्याकडे वळून बघितलं आणि आधीच अंग चोरून बसलेली असताना ती उगाच सरकून आणखी जागा करू लागली. मनस्विनी रडत होती. कावळा पिंडाला शिवला तेव्हा ती काकांच्या तोंडाकडे बघत होती. अप्पा सुटून गेले, ते तिनं पाहिलंच नव्हतं.