खिंडीखालचा टेलिफोन

मित्रांनो, मी एक जुना टेलिफोन आहे. तुमच्या खिशात मावतो तो नव्हे. भिंतीला ठोकलेली लाकडी पेटी, वर पितळेच्या दोन वाट्यांची घंटी, एका बाजूला फिरवायची मूठ आणि दुसऱ्या बाजूला आकड्यावर टांगलेला रिसीव्हर, असा माझा अवतार. परवा एका मुलीने मला बघून आईला विचारलं, की हे कॉफी दळायचं यंत्र आहे का. आई म्हणाली, असेल. मी काय बोलणार? स्वतः बोलायचं काम माझं कधीच नव्हतं. दुसऱ्याचं बोलणं पोचवायचं, एवढंच मला येत होतं.

माझा जन्म दूरच्या एका शहरात, मोठ्या कारखान्यात झाला. एका बाईने माझ्या पोटात तारा भरल्या, दुसरीने पेटीला पॉलिश केलं, आणि एका म्हाताऱ्या कारागिराने माझी घंटी वाजवून बघितली. "खणखणीत आहे," तो म्हणाला. तेवढ्या कौतुकावर मी खूश झालो. मग खेचराच्या पाठीवर बसून मी या खिंडीखाली आलो, तो कायमचाच.

खालून येणारी गाडी इथवरच येते. पुढे पायवाट, वर खिंड आणि खिंडीपलीकडे दुसरं गाव. गाडीच्या थांब्याला लागून एक सराई आहे. तिच्या पुढच्या खोलीत, चुलीच्या समोर, मी आहे. आमची तार एकच. तिच्यावर तीन फोन होते: इकडे मी, पलीकडच्या गावात एक आणि मध्ये खिंडीतल्या दगडी झोपडीत एक. त्या झोपडीतला फोन अडल्यानडल्यासाठी होता.

सराई चालवते एक बाई. येणारे-जाणारे तिला मावशी म्हणतात. जिभेने तिखट, हाताने सढळ. कोणाला गरम पाणी हवं, कोणाला घोंगडी, कोणाचे मोजे वाळायचे, कोणाला हातात धरायला काठी. सगळं तिच्याकडे असायचं, आणि सोबत चार शब्द फुकट. पातळ तळव्यांचे बूट घालून निघालेल्या एका साहेबांना ती म्हणाली होती, की हे बूट लग्नाला न्या, खिंडीत नको. साहेब चिडले, पण बूट बदलून गेले.

तिचा एक नियम होता. पलीकडे पोचलेल्या माणसाने दोनदा घंटी द्यायची आणि थांबायचं. इकडे कोणी फोन उचलायचा नाही. उचलला की लोक गप्पांना बसतात, आणि तार तर एकच. तेवढ्यात झोपडीत कोणी अडकला तर त्याने कोणाच्या नावाने ओरडायचं? अडचणीत असलेल्याने मात्र उचलेपर्यंत मूठ फिरवत राहायची. साधा, शहाणपणाचा नियम. आणि प्रवाशाची घंटी वाजेपर्यंत मावशी त्याचा पेला विसळायची नाही. उष्टे पेले खिडकीत रांगेने उभे असायचे. घंटी झाली की ती उठायची, "पोचला एकदाचा," म्हणायची आणि पेला धुवायला घ्यायची.

मावशीला एक धाकटा भाऊ होता. तो वाटाड्या होता. खिंडीतला दगड न् दगड त्याच्या ओळखीचा. येता-जाता मला टिचकी मारून विचारायचा, "काय म्हातारबा, घसा बरा आहे ना?" आणि गळ्यातल्या मफलरने माझी धूळ पुसायचा. बहिणीची थट्टा करण्यात तर त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. तिचा जीव त्याच्यात अडकलेला असायचा, आणि हे ती त्याला कधी कळू द्यायची नाही. तो पलीकडे पोचेपर्यंत ती घास खात नसे. विचारलं तर म्हणायची, भूक नाही.

त्या वर्षी झोपडीतल्या फोनच्या मुठीचा स्क्रू ढिला झाला होता. सगळ्यांना माहीत होतं. तारा बघायला येणारा माणूस म्हणाला, पुढच्या खेपेला आवळतो. मावशी म्हणाली, त्याच्या मागे लागायला हवं. वाटाड्या म्हणाला, मीच आवळून टाकीन. मित्रांनो, एक स्क्रू आवळायला असा वेळ तो किती लागतो? पण सगळ्यांचं काम म्हणजे कोणाचंच नव्हे.

एका दुपारी एक वयस्कर प्रवासी इतरांबरोबर पुढे गेला आणि त्याची औषधाची डबी बाकावर राहिली. डबीवरून कळत होतं, औषध हृदयाचं आहे. भाऊ नुकताच परतला होता. बूट काढून चुलीपाशी बसला होता. बाहेर आभाळ भरून आलं होतं.

"जा रे, तेवढी डबी देऊन ये," मावशी म्हणाली. "रात्री तिकडेच राहा."

त्याने कुरकुर केली नाही. चहा घेतला, बूट चढवले आणि गेला. त्याचा पेला खिडकीत राहिला.

संध्याकाळी बर्फ पडू लागलं. पुढे गेलेल्या मंडळींची घंटी आधीच येऊन गेली होती. आणि मग मी वाजलो. एकदा. दुसऱ्यांदा जरा खरखरत. मग थांबलो. मावशीचा चेहरा खुलला. "पोचला गधडा," ती म्हणाली. तिने पेला धुतला, ताट वाढून घेतलं आणि चुलीपाशी जेवायला बसली.

तो पोचला नव्हता. झोपडीच्या अलीकडे त्याचा पाय घसरला होता, मांडीचं हाड मोडलं होतं. सरपटत तो झोपडीत आला होता. मूठ दोनदा फिरली आणि निघून त्याच्या हातात आली. त्याने रिसीव्हर कानाला लावला आणि बोलत राहिला. "ताई, उचल. ताई, मी झोपडीत आहे. उचल गं." तारेवरून ते सगळं माझ्यापर्यंत येत होतं. माझा रिसीव्हर आकड्यावर होता. तो कोणी उचलल्याशिवाय माझ्यातून चकार शब्द बाहेर पडत नाही, मला तसंच बनवलंय. मावशी माझ्यापासून चार हातांवर होती. मी तिच्याकडे बघत राहिलो, आणि ती जेवत राहिली.

सकाळी पलीकडच्या गावातून विचारणा झाली, इकडे प्रवासी खोळंबलेत, वाटाड्या निघाला का म्हणून. तेव्हा माणसं धावली. तो झोपडीतच सापडला, रिसीव्हर हातात धरलेला. थंडीने गेला होता. डबी खिशात होती. त्या वयस्कर प्रवाशाच्या पिशवीत तसलीच दुसरी डबी निघाली.

त्या दिवसापासून मावशीने नियम मोडला. पहिल्या घंटीला उचलायची, हातातलं काम टाकून धावायची. पण हळूहळू घंट्याच कमी झाल्या. डोंगरावर मोबाईलचा टॉवर आला. तार कोणीतरी गुंडाळून नेली. आता प्रवासी येतात, आधी रेंज आहे का विचारतात, मग चार्जर कुठे लावू म्हणतात. माझ्या मुठीवर ओल्या टोप्या वाळत घालतात. त्याचं मला दुःख नाही. जुनं झालं की अडगळ व्हायचंच.

मावशी आता थकली आहे. सराई रिकामी झाली की ती माझ्यापाशी येते, रिसीव्हर उचलते, कानाला लावते. माझ्यात आता काही वाजत नाही. ती हळूच विचारते, "रागावला होतास का रे? मेली उचलत नाही, असं म्हणाला असशील." मग रिसीव्हर ठेवते आणि पदराने डोळे पुसते. इतकी वर्षं हाच प्रश्न तिला खातो आहे. आणि उत्तर जगात एकट्या मला ठाऊक आहे.

मित्रांनो, मला पुसू नका, रंगवू नका, कुठल्या काचेच्या कपाटात ठेवू नका. तुमच्यापैकी कोणी कधी खिंडीखाली उतरलंत तर माझं राहिलेलं एक काम करा. मावशीला सांगा, तो रागावला नव्हता. हाका मारून थकल्यावर तो स्वतःशीच म्हणाला, "मी पोचलो असं वाटलं असणार तिला. बरं झालं. आज तरी वेळेवर जेवेल."

ती विचारेल, तुम्हाला कोणी सांगितलं. भिंतीवरच्या फोनने, असं सांगा. ती तुम्हाला वेड्यात काढेल, कदाचित बाहेरही घालवेल. तरी सांगा.