पाठीला खिडकी असलेली जर्सी

दुपारच्या निजानीज झालेल्या घरात कात्री करकर वाजली आणि माझ्या पाठीला खिडकी पडली.

मित्रांनो, मी एक जुनी जर्सी आहे. एके काळी पोपटी होते, आता विटून पिकल्या लिंबासारखी झाले आहे. तसा माझा जन्म बांडुंग शहरातल्या कारखान्यातला, पण तिथे माझ्यासारख्या ढिगाने होत्या. खरी मी झाले ती सोलो शहरात, सुमिराहबाईंच्या शिलाई मशीनपाशी. सुमिराहबाई म्हणजे आमच्या देशाच्या महिला फुटसाल संघाचे कपडे सांभाळणाऱ्या. कात्रीच्या आवाजाने चटईवर झोपलेले त्यांचे यजमान दचकून उठले.

"अगं, अगं! कोऱ्या जर्सीला कात्री लावतेस? उंदरांना तरी काही काम ठेव!"

"तुम्ही झोपा. फाडत नाहीये, खिडकी ठेवतेय."

"जर्सीला खिडकी? मग दारही ठेव की. हवा खेळती राहील."

"आतल्या पोरीचा नंबर दिसायला नको? पंच काय तुमच्यासारखे डोळे मिटून बसतात?"

फुटसाल म्हणजे छपराखालच्या लहान मैदानावरचा फुटबॉल. एकेका बाजूला पाचच जणी, त्यांतली एक गोलकीपर. आपण हरत असलो आणि वेळ संपत आली, की प्रशिक्षक गोलकीपरला बाहेर बोलावतात आणि तिच्या जागी हल्ल्यासाठी आणखी एक पोरगी आत धाडतात. तिने रंग गोलकीपरचा घालायचा, पण पाठीवर नंबर तिचा स्वतःचाच दिसला पाहिजे. म्हणून ही खिडकी. आणि त्या वेळी आपला गोल असतो सताड उघडा. राखायला कोणीही नाही.

म्हणजे बघा, संघ जिंकत असला की मी बाकाखाली घडी होऊन पडलेली. हरायला लागला की माझी शोधाशोध. जिंकणाऱ्याचा घाम कसा असतो हे मला ठाऊकच नव्हतं. इतर जर्स्या दोरीवर ऐटीत वाळायच्या तेव्हा मला पाठीतल्या भोकाची लाज वाटायची. पण खरी लाज कशाला म्हणतात ते अजून कळायचं होतं.

माझी घालणारी होती पालुपी. तिच्या पायाशी आलेला बॉल घाबरत नसे, असं प्रशिक्षक पाक हार्गो म्हणायचे. 'पाक' ही आमच्याकडे वडीलधाऱ्या पुरुषाला मानाची हाक. तिची लेक गेंधिस तेव्हा चार-पाच वर्षांची. घरी सांभाळायला कोणी नसलं की पालुपी तिला सरावाला घेऊन यायची. पोर दमली की बाकावर माझीच उशी करायची आणि माझ्या खिडकीत बोट अडकवून झोपी जायची. सराव संपला की पालुपी ते बोट इतक्या हळू सोडवायची, की मलासुद्धा कळू नये.

संघात सगळ्यांत मोठ्या होत्या मुर्नीबाई. चाळिशीला टेकलेल्या. पालुपीला शाळेत खेळ शिकवला तो त्यांनीच. त्या बाकावर बसलेल्या असल्या आणि पालुपीला पुढून जायचं असलं, की ती कमरेत वाकून, उजवा हात जमिनीकडे करून, अंग चोरत जायची. वडीलधाऱ्यांपुढून आमच्याकडे असंच जातात. पण ती मैदानात, बॉल खेळतानाही वाकायची! बाकीच्या पोरी हसून लोळायच्या.

"अगं पालुपी, लग्नाच्या मांडवात आलीस का? बाईंना आता विडा दे!"

पाक हार्गो मात्र हसायचे नाहीत. मला तिच्या अंगावर चढवून त्यांनी एकदा बजावलं, "ही जर्सी घातली की मैदानाची मालकीण तू. दोघींच्या मध्ये आलेला बॉल तुझा. समोर मुर्नी असो नाहीतर माझी आजी असो. कळलं?"

"हो, पाक," पालुपी जमिनीकडे बघत म्हणाली.

"बघ हं," मुर्नीबाई म्हणाल्या. "मध्ये आले तर मला धक्का मार. मी काही मातीचं मडकं नाही."

"हो, बाई."

"बाई नाही! इथे नुसतं मुर्नी."

"हो... बाई."

त्या वर्षी आग्नेय आशियातल्या देशांची स्पर्धा आमच्याच सोलोत भरली. उपान्त्य सामन्यात आम्ही मागे पडलो, मला बाहेर काढलं गेलं, आणि पालुपीने मला घालून असा पास दिला की मुर्नीबाईंनी गोल केला. पुढे आम्ही जिंकलोसुद्धा! दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर फोटो काढायला रांग लागली. गल्लीतल्या पोरांनी आपापल्या बापांच्या शर्टांना पाठीत भोकं पाडली आणि आयांचे धपाटे खाल्ले. मित्रांनो, भोकाचा एवढा मान जगात कोणाला मिळाला असेल?

मग अंतिम सामना आला. समोर व्हिएतनामच्या चपळ पोरी. हॉल खचाखच भरलेला, ढोल घुमतायत, गेंधिस बापाच्या खांद्यावर बसून आमच्या गोलच्या मागे. दोन मिनिटं उरली तेव्हा आम्ही एका गोलने मागे होतो. पाक हार्गोंनी मला उचललं, पालुपीच्या डोक्यातून खाली ओढलं, आणि ती आत पळाली. माझ्या खिडकीतून तिचा बारा नंबर चमकत होता.

आमच्या पाचही जणी पुढे. मागे गोल उघडा. बॉल एकीकडून दुसरीकडे फिरत होता. मग एक पास जरा ढिला पडला आणि बॉल पालुपी आणि मुर्नीबाई यांच्या बरोबर मधोमध घरंगळत आला.

बॉल पालुपीचा होता. मुर्नीबाई ठरल्याप्रमाणे जागच्या जागी थांबल्या. आणि माझ्या आत पालुपीची पाठ किंचित वाकली. उजवा हात खाली गेला. हे मी पाहिलं नाही मित्रांनो, माझ्या शिवणींना जाणवलं. घराच्या दारात बाईंना आधी आत जाऊ द्यावं, तसं तिने त्यांना वाट दिली.

तेवढ्यात समोरची पोरगी मधून सटकन आली आणि तिने तिथूनच बॉल हाणला. तो सगळं रिकामं मैदान ओलांडून, अगदी सावकाश, आमच्या उघड्या गोलमध्ये शिरला. अडवायला कोणी नव्हतं. ढोल थांबले.

लोकांना तो खाली गेलेला हात दिसला नाही. त्यांना दिसल्या त्या नुसत्या उभ्या राहिलेल्या मुर्नीबाई. वरून कोणीतरी ओरडलं, "म्हातारीला डुलकी लागली रे!" आणि हॉलभर हशा पिकला.

सामन्यानंतर पत्रकारांनी दोघींना गाठलं. "शेवटी काय झालं?" मुर्नीबाईंनी एकदा पालुपीकडे पाहिलं. पालुपीचा चेहरा कणकेसारखा पांढरा पडला होता. बाई म्हणाल्या, "चूक माझी. बॉल माझा होता. पाय राहिले नाहीत आता."

पालुपीने तोंड उघडलं. मी वाट पाहिली. तिने तोंड मिटलं.

चारचौघांत मोठ्यांचं बोलणं खोडू नये, हे तिला लहानपणापासून शिकवलं होतं. त्या क्षणी ती शिकवण तिला फार सोयीची वाटली. आणि मी? माझा जन्मच मुळी कोण खेळतंय ते दाखवण्यासाठी. पाठीवर बारा नंबर लखलखीत दिसत असताना माझ्यादेखत चूक दुसरीच्या नावावर गेली. त्या रात्री मला खिडकीची नाही, उरलेल्या कापडाची लाज वाटली.

मला परत न करता पालुपी घरी आली आणि तिने मला कपाटाच्या तळाशी, जुन्या पडद्यांखाली कोंबलं. धुतलंसुद्धा नाही. एकदा नवऱ्याने, बायूने, स्कूटर पुसायला मला ओढून काढलं, तर तिने हिसकावून घेतलं. "ती नको!" आणि पुन्हा पडद्यांखाली. जपणं म्हणावं की पुरणं, मला सांगता येत नाही.

माझं सोडा. नुकसान झालं ते मुर्नीबाईंचं. शहरातल्या मुलींच्या संघाला शिकवायचं काम त्यांना मिळणार होतं, आयुष्यभर त्यांनी त्याचीच वाट पाहिली होती. एका सकाळी दारात भाजीची गाडी थांबली आणि कपाटातूनही मला ऐकू आलं.

"मुर्नीला नाही देणार म्हणे मुलींचा संघ," शेजारच्या कुस्तियाबाई टेम्पे, म्हणजे सोयाबीनच्या वड्या, निवडता निवडता म्हणाल्या. त्या संघाच्या पालकांत त्यांचाच आवाज मोठा. "बरोबरच आहे. जिला पायापुढचा बॉल दिसत नाही ती आमच्या पोरींना काय शिकवणार? पक्कं ईदनंतर करू, पण माझं मत ठरलंय. हो ना गं, पालुपी? तू तर शेजारीच होतीस."

पालुपी म्हणाली, "मिरच्या कशा दिल्या?"

त्या दुपारी ती कपाट उघडून माझ्यापुढे बसून राहिली. रडली नाही. नुसती माझ्या खिडकीच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिली.

ईदच्या आदल्या दिवशी तिने मला धुतलं. दोनदा. वाळल्यावर इस्त्री करून पिशवीत ठेवलं.

"ही कशाला?" बायूने विचारलं.

"बाईंकडे नेतेय. उद्या सांगणार आहे मी. खरं काय झालं ते."

"अगं, सणाचा दिवस. कुस्तियाबाईंपासून सगळी आळी असेल तिथे."

"म्हणूनच."

इथे माझी एक विनंती, मित्रांनो. तुमच्याही घरात खेळातली एखादी जुनी वस्तू हरल्याच्या रागाने कुठेतरी कोंबलेली असेल. तिला बाहेर काढा. धुवा, उन्हात घाला, आणि तिच्या अंगावर काय घडलं ते घरात एकदा मोकळेपणी बोला. कोंडलेल्या कपड्याला जो वास येतो तो दर वेळी घामाचाच असतो असं नाही. हे मी उपदेश म्हणून सांगत नाही. पडद्यांखाली पडून पडून एवढंच शिकले.

तर ईदची सकाळ. मुर्नीबाईंचं घर माणसांनी भरलेलं. नारळाच्या दुधातल्या कोंबडीच्या कालवणाचा घमघमाट, अननसाच्या सारणाची बिस्किटं, पोरांच्या नव्या कपड्यांची सळसळ. बाई खुर्चीत बसल्या होत्या आणि धाकटी माणसं एकामागून एक त्यांच्यापुढे गुडघे टेकून, त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून वर्षभराची माफी मागत होती. सगळे तेच ठरलेले शब्द म्हणत, बाईही तेच ठरलेलं उत्तर देत, आणि माणूस उठून जेवायला जाई. कुस्तियाबाईंची ताटली भरलेली होती.

"या, या, बारा नंबर!" कोणीतरी हाक मारली. "आज तरी गोल होऊ देऊ नकोस गं!"

"तो काय तिने होऊ दिला?" कुस्तियाबाई हसल्या. मुर्नीबाईही हसल्या, इतरांच्या जरा मागून.

पालुपीची पाळी आली. मला पिशवीसकट छातीशी धरून ती गुडघ्यांवर बसली. मला वाटलं, आता. तिने बाईंच्या मांडीवर डोकं टेकलं. श्वास घेतला. खोलीतली कुजबुज ऐकली. भांड्यांचा आवाज ऐकला.

"बाई," ती म्हणाली, "कळत-नकळत झालेल्या सगळ्या चुका माफ करा."

सगळे म्हणतात तेच. एक शब्द जास्त नाही.

पिशवीत माझी घडी आपोआप आणखी आवळली गेली. मुर्नीबाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "केल्या, पोरी. माझ्याही चुका माफ कर." मग हात तसाच ठेवून हळूच म्हणाल्या, "ऊठ आता. जेवून घे."

पालुपी उठली नाही. तिचे खांदे हलायला लागले. खोलीतल्या गप्पा एकेक करून थांबल्या. कुस्तियाबाईंचा चमचा हवेतच राहिला.

मागे रांगेत नवा गुलाबी झगा घालून गेंधिस उभी होती. पुढची पाळी तिची, म्हणून ते शब्द ती मनात घोकत होती, आणि तिला त्यातलं काहीतरी अडलं होतं. ती पुढे आली, आईच्या शेजारी गुडघ्यांवर बसली आणि तिच्या कानाशी, पण सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात, तिने विचारलं,

"आई, यातली नकळत झालेली चूक कुठली, आणि कळत झालेली कुठली?"