माझ्यावरची पांढरी पावलं

मित्रांनो, नाटकवाले मला लेव्हल म्हणतात. रंगमंचावर कुणाला इतरांपेक्षा उंच उभं करायचं असलं, की ज्या लाकडी चौथऱ्यावर चढवतात, ती मी. लांबीरुंदीला दारापेक्षा लहान, उंचीला मांडी घालून बसलेल्या माणसाच्या पोटाशी येईन एवढी. मी जुनी आहे, पण अजून डुगडुगत नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण जुनी वस्तू बोलू लागली की ऐकणाऱ्यांचे चेहरे उगाच केविलवाणे होतात. मला ते खपत नाही.

माझा जन्म बंगळूरच्या येलहंक्याचा. रत्नाकरकाका तिथे राहत. सरकारी कारखान्यात इंजिनिअर आणि संध्याकाळी मराठी मंडळाच्या नाटकांचे दिग्दर्शक. त्या वर्षी गणपतीतल्या नाटकात राजा होता आणि त्याला सिंहासन हवं होतं. कारखान्यात यंत्रं ज्या खोक्यांतून येत, त्यांच्या फळ्या काकांनी लिलावात घेतल्या होत्या. निपाणीकडच्या परसू सुताराने त्या रंधल्या, ठोकल्या आणि स्वतःच वर चढून दोन उड्या मारल्या.

"रत्नाकरअण्णा, हिच्यावर हत्ती नाचवा!"

"हत्ती आमच्या मंडळात एकच आहे," काका म्हणाले, "आणि तोच राजाचं काम करतोय."

पुढे मी काय काय झाले! सिंहासन झाले, गावचा पार झाले, नाव झाले, इस्पितळातली खाट झाले. प्रेक्षकांची तोंडं मला कधी दिसली नाहीत. मला माणसांचे तळवे कळतात. कोण घाबरलं आहे, कुणाला वाक्य आठवत नाही, कोण उगाच अंगठ्यावर उंच होतो आहे, सगळं तळव्यांतून कळतं. टाळ्यासुद्धा मी तळव्यांतूनच ऐकल्या.

काकांचा एक नियम होता. प्रेक्षकांकडे पाठ करायची नाही. भांडा, रडा, मरा, पण तोंड समोर. लहान मुलं विसरत, म्हणून त्यांनी माझ्या पाठीवर पांढऱ्या तैलरंगाने दोन पावलं काढली, अंगठे प्रेक्षकांकडे वळलेले. "यात पाय ठेवायचे," ते सांगत. त्या पावलांत पहिल्यांदा ज्या मुलीचे पाय उभे राहिले, तिचे तळवे घामाने गार पडले होते. पण वाक्य एकही चुकलं नाही. ती मनस्विनी.

मनस्विनी मोठी झाली आणि एका कन्नड मालिकेत गेली. भाजी घ्यायला निघाली तरी लोक वळून बघत. इकडे मंडळाने तयार चौथरे असलेला हॉल भाड्याने घ्यायला सुरुवात केली. मी काकांच्या जिन्याखाली गेले. माझ्यावर आधी रंगाचे डबे आले, मग फुटक्या कुंड्या, मग पाली. रडले नाही. लाकूड फुगलं असतं.

बऱ्याच वर्षांनी एका सकाळी ती आली. कुंड्या बाजूला करून थेट माझ्यावर बसली.

"काका, मी मालिका सोडली. माझ्याहून दोन वर्षांनी लहान हिरोची आई व्हा म्हणाले."

"मग? वयाची लाज कसली?"

"आई व्हायला माझी ना नाही. पण सहा महिने दारात उभं राहून डोळ्यांना पदर लावायचा, एवढंच काम. मी आता स्वतःच चित्रकथा काढणार. गोष्ट माझी, चित्रं माझी, पुस्तकही माझंच. फक्त कागद पसरायला मेज नाही."

काका म्हणाले, "वेडी आहेस." आणि जाताना मला टेम्पोत चढवायला स्वतः हात लावला.

जयनगरच्या तिच्या घरात मी मेज झाले. तळव्यांच्या जागी कोपर आले. तिची कामाची रीत मात्र नटीची राहिली. एकेका चौकटीसाठी ती आधी माझ्यावर उभी राहून अभिनय करी, समोर ठेवलेल्या मोबाइलमध्ये स्वतःचा फोटो काढी, मग मांडी घालून तो प्रसंग रेखाटी. गोष्ट होती शिवलीला नावाच्या सत्तरीच्या बाईची. जन्मभर सगळ्यांचं केलं, आणि एके दिवशी ती एकटीच समुद्र बघायला निघते.

पानं तयार झाली तेव्हा शेजारची धनलक्ष्मी डोशाचं पीठ घेऊन आली. पानं उलटता उलटता थांबली.

"अगं मनू, ही नवऱ्याशी भांडायलीय आणि बघायलीय आमच्याकडं? नवरा काय आमच्या मांडीवर बसलाय?"

मनस्विनीने पानं माझ्यावर ओळीने मांडली. खरंच की! विहिरीवर, चुलीपाशी, भांडणात, सगळी माणसं तोंड समोर करून उभी. शेवटच्या पानावर शिवलीला उंबऱ्यात आपल्याकडे बघून हसत होती, जणू टाळ्यांची वाट बघत होती.

"निघालीय म्हणतीस," धनलक्ष्मी म्हणाली, "ही तर फोटो काढून घ्यायलीय."

ती गेल्यावर मनस्विनी माझ्यावर चढली. पाय सवयीने पांढऱ्या पावलांत गेले. मग ती सावकाश वळली. मित्रांनो, इतक्या वर्षांत माझ्यावर पहिल्यांदाच कुणाचे अंगठे भिंतीकडे झाले. तळवे गार नव्हते.

शेवटचं पान तिने नव्याने काढलं. त्यात फक्त पाठ होती.

ते पुस्तक बघायला एचएसआर लेआउटमधल्या एका प्रकाशन कंपनीचा क्षितिज आला. सगळं आवडलं त्याला. "मॅम, फक्त लास्ट पेज चेंज करू. तिला वळवा. आणि कव्हरवर तुमचा सीरियलमधला फोटो. लोक फेस बघूनच घेणार ना?"

"चेहरा विकून झालाय माझा. आता गोष्ट आणलीय."

"मग आम्हाला नाही जमणार, मॅम. आणि सांगू? एकट्याने काढलेलं बुक कुणी हातात पण घेत नाही."

"सरी, ठीक आहे," ती म्हणाली, आणि दार उघडून उभी राहिली.

तिने ते स्वतः छापून घेतलं. चित्रकथांच्या जत्रेत मेजं कंपन्यांनी आधीच धरून ठेवली होती, म्हणून तिने मलाच नेलं. ती जमिनीवर बसली, पुस्तकं माझ्यावर. सकाळभर लोक येत, "तुम्ही त्या सीरियलमधल्या ना?" म्हणत, फोटो मागत. ती पुस्तक पुढे करी. काही ते खाली ठेवून जात. काही तिथेच उभ्याने वाचू लागत आणि मग बरोबर नेत.

दुपारी रत्नाकरकाका काठी टेकत आले. सगळं पुस्तक वाचलं. शेवटच्या पानाशी थांबले.

"मनू, पाठ? मी काय शिकवलं होतं तुला?"

"प्रेक्षकांकडे पाठ करायची नाही. पण काका, तिला प्रेक्षक नकोच आहेत. तिला समुद्र बघायचाय."

काकांनी पान डोळ्यांजवळ धरलं. मग म्हणाले, "खांदे पडलेत हिचे. घर सोडून निघालेली बाई अशी चालत नाही."

"मग कशी चालते?"

त्यांनी काठी मला टेकवून ठेवली. जन्मभर ज्यांनी कुणाला पाठ करू दिली नाही, ते त्या गर्दीकडे पाठ करून चालू लागले. खांदे ताठ, मान सरळ. लोक वाचता वाचता बघत राहिले. थोडं पुढे जाऊन, मागे न वळताच ते ओरडले, "बघतेस ना? पुढच्या छपाईत नीट काढ!"

मनस्विनीने पेन्सिल उचलली होती.

मित्रांनो, मला जपून ठेवा असं मी म्हणणार नाही. जपून ठेवलेल्या वस्तू जिन्याखाली जातात, ते मी भोगलं आहे. तुमच्या घरात माझ्यासारखं काही पडून असेल, तर त्याला बाहेर काढा. त्याच्यावर चढा, बसा, शाई सांडा. खिळा निघाला तर ठोका. आणि तुमच्यातलं कुणी उद्या चाललेलं काम टाकून भलतीकडेच निघालं, तर तोंड इकडे कर म्हणून हाका मारू नका.

माझ्यावरची पांढरी पावलं मनस्विनीने अजून खरवडलेली नाहीत. रोज सकाळी ती त्यांच्यावरच उभी राहते. फक्त जिथे अंगठे असायचे, तिथे आता तिच्या टाचा असतात.