फोमखालची खिडकी

ब्रोना गेल्याचं कळलं तेव्हा फोलारिन लिमरिकमध्ये बस चालवत होता. ऑफिसातून निरोप आला, पुढच्या थांब्यावर गाडी उभी कर, दुसरा ड्रायव्हर येतोय. कारण काझिकने फोनवर सांगितलं. मागून माणसं उतरत होती आणि रोजच्यासारखी त्याला थँक्यू म्हणत होती. तो प्रत्येकाला मान हलवत राहिला.

ब्रोना त्याची बायको. तो, ती आणि पोलंडहून आलेला काझिक, या तिघांचा रॅपचा ग्रुप होता. फोलारिन इंग्रजीत आणि घरच्या योरुबा भाषेत रॅप करायचा, ब्रोना आयरिशमध्ये गायची, बीट काझिकचे. घरातल्या वरच्या मजल्यावरच्या लहान खोलीत त्यांनी स्टुडिओ केला होता. तिथेच, कानाला हेडफोन असताना, तिचं हृदय बंद पडलं.

तिथल्या रीतीप्रमाणे दफनाआधी तिला घरी ठेवलं. सासूने, नोराने, घरभर फिरून खिडक्या उघडल्या, म्हणजे जीव बाहेर जाईल. मग काही वेळाने लावून घेतल्या, म्हणजे तो परत फिरणार नाही. शेजारी आले, चहा प्यायले, हॅम सँडविच खाऊन गेले.

महिना झाल्यावरची चर्चमधली प्रार्थना, मिस्सा, झाल्यावर काझिक आला. "गाणं पुरं करू या. तिचं झालंय. तुझंच कडवं राहिलंय."

"तुझा बीट ऐकला की शब्द पळून जातात."

"पळत नाहीत लेका, तुझ्या बसने येतात. म्हणून उशीर होतो."

दोघं हसले, बऱ्याच दिवसांनी. फोलारिनने कडवं म्हटलं. रेकॉर्डिंग परत ऐकताना त्याच्या आवाजाखाली एक श्वास होता. ओळ उचलण्याआधी ब्रोना घ्यायची तसा, नाकाने, तुटक.

"तिचा ट्रॅक चालू राहिलाय."

"बंद आहे. बघ ना तूच."

माइक चालू ठेवून, दार ओढून दोघं स्वयंपाकघरात जाऊन बसले. रिकाम्या खोलीच्या रेकॉर्डिंगमध्येही श्वास होता. दुसऱ्या दिवशी तो माइकच्या आणखी जवळ आला होता, आणि भरभर चालला होता.

त्यांनी नोराला ऐकवलं. तिने हेडफोन काढले. "या खोलीला खिडकी नाही?"

काझिकने भिंतीवरच्या फोमकडे बोट दाखवलं. रस्त्याचा आवाज येऊ नये म्हणून त्यांनीच खिडकीवर स्क्रूने फळी बसवून वर फोम चिकटवला होता. पुढे खिडकीच विसरले.

"अरे गाढवांनो," नोरा हळू आवाजात म्हणाली, "माझ्या पोरीला कोंडून ठेवलंत की रे."

काझिकने स्क्रूड्रायव्हर आणला. फोलारिन भिंतीला पाठ लावून उभा राहिला.

"आज नको."

"का?" नोराने विचारलं.

"उघडली तर जाईल ती."

"जायलाच हवं, बाळा. ऐकलंस ना? दमलीये."

त्याने ऐकलं होतं. हा आता गाण्याआधीचा श्वास नव्हता. हवा संपत आलेल्या खोलीत माणूस घेईल, तसा होता.

त्याने स्क्रूड्रायव्हर घेतला आणि दोघांना खाली पाठवलं. माइक चालू करून हेडफोन कानाला लावले, फोम सोलला, फळीचा एक स्क्रू काढला. मागून मानेवर गार हवा आली. दार बंद होतं.

"ब्रोना," तो म्हणाला.

हेडफोनमधला श्वास थांबला, जणू ऐकत होता. स्क्रूड्रायव्हर बाजूला ठेवून फोलारिन खाली बसला.

फळी अजूनही तशीच आहे; काढायची राहिलीये.