'हॅड' शिकवणाऱ्या फळ्याची कैफियत

मी फळा बोलतोय. वालूरच्या पलीकडच्या एका खेड्यातल्या शाळेत, दहावीच्या वर्गात टांगलेला. फळा कुठं बोलतो का, म्हणून हसू नका. इतकी वर्षं तुम्ही माझ्या तोंडावर वाट्टेल ते लिहिलंत आणि मी मुकाट्यानं सोसलं. आता थोडं तुम्ही ऐकून घ्या.

सेलूच्या एका वखारीत आश्रुबा सुतारानं मला तासलं, जोडलं आणि टेम्पोतून इथं आणून टांगलं. भला माणूस. जाताना अंगावरून हात फिरवून म्हणाला, “लेकरं शहानी कर बाबा.” लेकरांचं ठीक आहे, पण मोठ्यांचं काय करू, हे मात्र तो सांगून गेला नाही. पूर्वी पोरं जुन्या सेलमधली काळी भुकटी आणि कसलातरी पाला चोळून मला काळंभोर करायची. आता डब्यातला रंग मिळतो, तोही तपासणीला साहेब येणार असले तरच. एरवी माझी आठवण कुणाला येते?

इथं ओमप्रकाश सर इंग्रजी शिकवतात. पास्ट परफेक्ट हा त्यांचा लाडका काळ. दरवर्षी ते माझ्यावर एकच वाक्य लिहितात, डॉक्टर येण्याआधी रोगी मेला होता. माझ्या अंगावर इतके रोगी मेले, पण त्यांना झालं काय होतं ते एकाही पोरानं विचारलं नाही आणि सरांनाही ठाऊक नाही. दोन गोष्टी होऊन गेल्या ना? मग आधीच्या गोष्टीला हॅड लावा आणि मोकळे व्हा.

त्यात इंग्रजीचा तोरा काही औरच. 'म्हणाली', 'कळलं', 'आठवलं' असं क्रियापद भूतकाळात आलं, की त्याच्याही आधी घडलेली गोष्ट आणखी एक पायरी मागं ढकलायची. आपली मराठी म्हणते, 'ती म्हणाली, मी जेवले.' झालं! इंग्रजीला एवढ्यावर समाधान नाही. शी सेड दॅट शी हॅड ईटन. अगं बाई, जेवली ना ती? मग आता ताट उचल की!

पण ऋतिकाला हे सगळं एका तासात कळलं. ही बजरंग आणि बायनाबाईची मुलगी. आईबाप दरवर्षी ऊसतोडीला जातात आणि ही आजीपाशी, म्हणजे धुरपदाबाईपाशी राहून शिकते. मला पुसतानासुद्धा कोपऱ्यापर्यंत नीट पुसणारी वर्गात ही एकटीच.

यंदा ऐन हंगामाच्या तोंडावर बायनाबाईचा हात मोडला. ऊसतोडीत एकट्या माणसाला कोणी विचारत नाही. तिथं नवरा-बायको मिळून एक कोयता. एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळ्या बांधायच्या. जोडीला माणूस हवं, म्हणून बजरंगनं लेकीचं नाव मुकादमाला सांगून टाकलं. दहावीच्या पोरीचं!

बायनाबाई प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून वर्गाच्या दारात आली.

“सर, पोरीला घिऊन जायलेत. तुमी घरी येऊन दोन शब्द सांगा. माझं ऐकत न्हाईत, तुमचं ऐकतील.”

“येतो ना, ताई. बुधवारी साहेबांची भेट आहे. तेवढी होऊन जाऊ द्या.”

“गुरुवारी सकाळीच गाडी निघायलीय, सर.”

“मग बुधवारी संध्याकाळी येतो. एकदम पक्कं.”

ती माउली पाया पडायची तेवढी राहिली.

मग भेटीची तयारी सुरू झाली. मला रंग फासला. उत्तर येत असेल त्यानं उजवा हात वर करायचा, येत नसेल त्यानं डावा, अशी शिकवणी झाली. म्हणजे साहेबांना सगळेच हात वर दिसतील! यालाच हे लोक गुणवत्ता म्हणतात. ऋतिकाला पहिल्या बाकावर बसवलं, कारण खरंच उत्तर येणारी तीच होती.

बुधवारी साहेब आले. त्यांनी ऋतिकाला उभं केलं आणि म्हणाले, “पास्ट परफेक्टचं एक वाक्य लिही. पाठ केलेलं नको, स्वतःचं.”

तिनं खडू घेतला आणि माझ्यावर लिहिलं, माय फादर सेड दॅट द ट्रक हॅड कम. बाबा म्हणाले, ट्रक आलाय. शेवटच्या शब्दाला खडू तिच्या हातात मोडला.

ट्रक खिडकीतून दिसत होता. मारुतीच्या पारासमोर उभा, वर गाठोडी चढत होती. साहेबांनी खिडकीकडं पाहिलंसुद्धा नाही. “वा! हॅड अगदी बरोबर जागी!” म्हणाले आणि टाळ्या वाजवल्या. सरांनी त्याहून मोठ्यानं वाजवल्या. पोरगी मदत मागत होती आणि हे दोन शिकलेले लोक तिचं क्रियापद तपासत बसले. किळस आली मला. शाळा सुटल्यावर सर साहेबांना घेऊन देवगाव फाट्याला जेवायला गेले. बायनाबाईकडं कोणी गेलं नाही.

गुरुवारी सकाळी पारासमोर ट्रक नव्हता आणि पहिला बाक रिकामा होता. सरांनी मान हलवत पोरांना सांगितलं, “मी तिच्या वडिलांना किती समजावलं होतं! पण या लोकांना शिक्षणाची किंमतच नाही.”

ऐकलंत? समजावलं होतं म्हणे! जे घडलंच नाही त्यालाही हा माणूस बेधडक हॅड लावतो.

इतक्यात दारात ऋतिका उभी. हाताला पीठ, डोळे सुजलेले.

“आईचा हात मोडल्याला हाय, सर. भाकरी करून येईस्तोर उशीर झाला.”

“तू गेली नाहीस?”

“माझ्या जागी आजी गेली. बाबांला म्हणली, पोरीला न्यायचं नाव काढू नको, मोळ्या म्या बांधते.”

सर काही बोलणार तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांना सुटल्यासारखं झालं. फोन कानाला लावून ते व्हरांड्यात गेले आणि अजून तिथंच आहेत, कालच्या भेटीची फुशारकी मारत.

ओमप्रकाश सर, फोन ठेवा. हवं तर मला पुन्हा कधी रंग देऊ नका, उन्हात टाका, चुलीत घाला, माझं काही म्हणणं नाही. पण आत या. ज्या म्हातारीनं जन्मात शाळेची पायरी चढली नाही, ती तुमच्या या तासासाठी आता दुसऱ्याच्या फडात वाकायला ट्रकमधून निघालीय. पोरगी पहिल्या बाकावर येऊन बसली आहे. या आणि शिकवा.