टाकीतला सफाई विभाग

जावयाने चिमट्याने अकरावी अळी ओढून बरणीत टाकली आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जसं काही मीच तिला पोसलं होतं.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मी लेकीकडे राहायला आले होते. जावई शाळेत भूगोल शिकवतो, पण त्याचा जीव अडकलाय दिवाणखान्यातल्या टाकीत. सहा फूट लांब काच, आत समुद्राचं खारं पाणी, खडक, सात मासे आणि खडकांवर वाढणारी पोवळी. जिवंत, बरं का. त्यातलं पंज्याएवढं हिरवं पोवळं त्याने आठ वर्षांपूर्वी नखाएवढं आणून वाढवलं होतं. गेल्या महिन्यापासून ते कडेने मरत चाललं होतं. मांस जाऊन खालचा पांढरा सांगाडा उघडा पडत होता, आणि एका सकाळी त्याच पांढऱ्या कडेवर त्याला या केसाळ अळ्या सापडल्या. बोटभर लांब, गुलाबी, दोन्ही अंगांना बारीक काट्यांची झालर. निकाल तिथेच लागला. रविवारी सगळे खडक बाहेर काढून गोड्या पाण्यात धुवायचे, अळ्यांचा नायनाट करायचा.

खडकात आणखी काय काय राहतं, असं मी विचारलं. तो म्हणाला की पाणी शुद्ध ठेवणारे जिवाणू तिथेच असतात, ते धुतले गेले तर टाकी सावरायला महिने लागतील, दोन-चार मासेही जातील. पण त्याला इलाज नाही म्हणे.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. एकतीस वर्षं मी एका मोठ्या हॉस्पिटलात सफाई विभागाची मुकादम होते. कुठल्याही वॉर्डात जखमा चिघळल्या की पहिली चौकशी माझ्या बायकांची. का, तर घाणीजवळ त्याच दिसायच्या. अहो, मग काय तिथे कॅशियर दिसणार होता? एकदा माझ्या सगळ्यात चोख बाईला कामावरून काढलं, आणि दोन महिन्यांनी कळलं की मोठे सर्जनच हात न धुता एका पेशंटकडून दुसऱ्याकडे जात होते. त्यांना केबिनमध्ये बोलावून गोडीगुलाबीने समजावलं गेलं. बाई काही परत आली नाही. मी तेव्हा गप्प बसले, याची मला अजून लाज वाटते.

लेकीने बजावलं, यात पडू नकोस. मी पडलेच. बुधवार होता. जावयाला म्हटलं, रविवारपर्यंत मला चौकशी करू द्या. म्हातारीचा वेळ जाईल, असा विचार करून त्याने हसत मान डोलावली.

चौकशीची माझी रीत एकच. नासाडीनंतर कोण दिसलं ते विचारायचं नाही, नासाडीच्या आधी कोण होतं ते बघायचं. टाकीचे दिवे सकाळी दहाला लागतात आणि मी पहिल्या पाळीची माणूस, पाचला उठतेच. टॉर्चवर लाल कागद बांधला, कारण लाल उजेडाला टाकीतले जीव बिचकत नाहीत, असं जावयाच्याच पुस्तकात होतं. अळ्यांची एक जाडजूड, भडक रंगाची जात खरोखर पोवळी खाते, हेही त्यात होतं. आपल्याकडच्या तशा नव्हत्या. या मेलेलं, उरलेलं, सडलेलं तेवढं खाणाऱ्या.

गुरुवारी मी तासभर पाहिलं. अळ्या बिळांतून निघाल्या, माशांनी टाकलेलं उष्टं उचललं आणि पोवळ्याच्या जिवंत भागावरून तोंडही न लावता पुढे गेल्या. बरणीतल्या एकीला मी कौतुकाने बोट लावलं, तर काटे असे टोचले की चिकटपट्टी लावून काढावे लागले. त्याचा मला राग आला नाही. माझ्या बायकाही फटकळच होत्या.

शुक्रवारी खडकाच्या भोकातून साहेब बाहेर आले. साहेब म्हणजे जावयाचा लाडका खेकडा. एका खडकात लपून आलेला, तेव्हा मुगाएवढा. आता सुपारीहून मोठा, अंगभर लव, नांग्यांची टोकं काळी. रोज संध्याकाळी जावई त्याला चिमट्याने कोळंबीचा तुकडा भरवायचा, आणि साहेबांनी तो दोन्ही नांग्यांनी घेतला की घरभर कौतुक. तर हे साहेब सावकाश चालत पोवळ्यावर चढले, जिवंत कडेवर बसले आणि मांस तोडून तोडून खाऊ लागले. पोट भरल्यावर बिळात गेले. मग अळ्या आल्या आणि साहेबांनी मागे टाकलेल्या चिंध्या साफ करू लागल्या.

शनिवारी पहाटे मी जावयाला उठवून टाकीसमोर बसवलं. साहेब वेळेचे पक्के निघाले. पहिला लचका तुटला तसा जावयाने स्वतःच्या कपाळावर हात मारला.

"आई, मीच भरवत होतो याला," तो हळूच म्हणाला.

"साहेबांना सगळेच भरवतात," मी म्हटलं.

त्या रात्री आम्ही खडकाला टेकवून काचेचा ग्लास तिरका ठेवला, तळाशी कोळंबी. रविवारी सकाळी साहेब ग्लासात, गुळगुळीत काचेवर नांग्या आपटत. त्यांची बदली खाली, कपाटातल्या पंपाच्या वेगळ्या टाकीत झाली. खडक धुण्याचं नाव कुणी काढलं नाही. जावयाने बरणी पाण्याखाली आडवी धरली आणि एकेक अळी आपल्या पायांनी घरी गेली. अकराच्या अकरा. मी आनंदाने अशी ओरडले की लेकीने धावत येऊन विचारलं, गुडघा दुखतोय का.

सहा आठवड्यांनी पांढऱ्या सांगाड्यावर हिरवी कड चढू लागली होती आणि मी काठीशिवाय चालत होते. जावयाचा एक मित्र, त्याच्याच छंदाचा, टाकी बघायला आला. खडकातून एका अळीने तोंड काढलेलं पाहताच त्याने चिमटा मागितला. जावई टाकीसमोर आडवा उभा राहिला.

"हात लावायचा नाही. आईंनी त्यांना कायम केलंय."

एकतीस वर्षं मी अर्ज घेऊन एकेका केबिनच्या दाराशी उभी राहिले होते, आणि माझी एकही बाई कंत्राटातून सुटून कायम झाली नव्हती. मी सोफ्यावरून ताठ उठले आणि पाहुण्याला सांगितलं, "पेन्शनसकट."