अकाइतीकाकूची वेणी

मी कंगवा बोलतोय. दात विचकूनच बोलतोय, कारण तोंड मिटायची सोय मला कोरणाऱ्याने ठेवलीच नाही. समुद्रकाठच्या भेंडीच्या झाडाच्या लाकडाचा मी, बारा दातांचा, त्यात अक्कलदाढ एकही नाही. शाळा म्हणाल तर घरातल्या पोराच्या, तेपाकीच्या, खिशातून डोकावून जेवढी दिसली तेवढी, म्हणजे तिसरीपर्यंत.

नूरोआकाकाने लग्नाआधी मला आपल्या हाताने कोरलं आणि अकाइतीकाकूला दिलं. कोरतानाच माझा एक दात चिरला, पण प्रेमात पडलेल्या माणसाला असलं काही दिसत नाही. पुढे त्याचं स्वतःचं डोकं चाळिशीतच माझ्या हातून सुटलं. त्याच्या टकलाशेजारी मला ठेवलं की मला माझेच दात मोजता यायचे.

तेपाकी हा त्यांचा पुतण्या. आईबाप न्यूझीलंडला कामाला, पोर इथे पॅसिफिकमधल्या ऐतुताकी बेटावर काकूपाशी. आमच्याकडे पहिल्या मुलाच्या केसांना जन्मापासून कात्री लावत नाहीत. तो आठ-नऊ वर्षांचा झाला की गाव जेवायला बोलवायचं, त्याच्या केसांच्या वेण्या घालायच्या, आणि ज्याच्या नावाची वेणी त्याने ती कापून जन्मभर जपायची. तेपाकीच्या बावीस वेण्यांची बावीस नावं ठरलेली होती. मानेवरची, सगळ्यांत खालची, अकाइतीकाकूची.

"पोर पाळण्यात होतं तेव्हाच सांगून ठेवलंय," ती म्हणायची. "बाकीचं डोकं तुम्ही वाटून घ्या."

त्या वेणीसाठी तिने काय काय केलं ते मला ठाऊक. नारळ खवून उन्हात ठेवायची, सुटलेल्या तेलात अनंताची फुलं घालायची, आणि पोर समुद्रात जायच्या आधी डोकं तेलाने थबथबीत करून टाकायची.

"काकू, पाण्यातच तर चाललोय. तेल कशाला?"

"म्हणूनच. केस आधी तेल प्यायला की मग खारं पाणी फार पीत नाही. पोट भरलेल्या माणसाला वाढायला गेलं तर तो नको म्हणतो ना, तसं."

"नूरोआकाका कुठे नको म्हणतो?"

काकू एवढी हसली की तेल त्याच्या नाकात गेलं.

मला मात्र त्या तेलाचा राग होता. सांगूनच टाकतो. गाठीत अडकावं, जरा ओढावं, पोराने "आई गं" म्हणून किंचाळावं, ही माझी करमणूक. तेल लागलं की माझे दात नुसते घसरायचे. सगळी मजा बुडाली.

मग काकूच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला. ती सहा आठवड्यांसाठी रारोतोंगा बेटावरच्या मोठ्या इस्पितळात निघाली. तेलाची बाटली तिने काकाच्या हातात दिली.

"रोज लावायचं. पाण्याच्या आधी."

"अगं, आख्ख्या होड्या बांधल्यात मी. एक डोकं सांभाळता येणार नाही?"

"स्वतःचं सांभाळलंस का?"

काकाने तीन दिवस सांभाळलं. चौथ्या दिवशी म्हणाला, "तेलाने उशा मळतात." बाटली फळीवर गेली. पोर समुद्रातून निथळत यायचं आणि काका मला तसाच त्या ओल्या केसांत घुसवायचा. बिनतेलाचा ओला केस म्हणजे भिजलेला कागद. फुगलेला, मऊ, ओढला की संपला. कट. कट.

"काका, दुखतंय!"

"नीट बस. डोक्यात काय खेकडे पाळलेस?"

मी खदाखदा हसत होतो. मानेवरचे केस सगळ्यांत जास्त गुंततात, तिथे तर माझी दिवाळीच. माझा चिरलेला दात पहिल्याच दिवशी हलला होता. तो सोडला असता तर काकाने मला फेकून दिलं असतं आणि केस वाचले असते. पण नाही सोडला. म्हातारपणी दात जपतो ना माणूस, तसा जपला.

कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी काकू परतली. सकाळी पोराला फुलं शिवलेल्या गोधडीवर बसवलं आणि ती वेण्या घालायला लागली. एकवीस झाल्या. मग तिचा हात मानेवर गेला. तिथे बोटभर खुंट.

"डोळे परत मिळाले ते हे बघायला," ती म्हणाली. मग नुसतं, "नूरोआ."

"तेल... मला वाटलं, थोडे दिवस तर..."

"तुला वाटलं."

कार्यक्रमासाठी न्यूझीलंडहून आलेली तेपाकीची आई पुढे झाली. "जाऊबाई, माझी वेणी तुम्ही घ्या."

"वेडी आहेस का? आईची वेणी आईनेच कापायची."

दिवसभर काकूने एकवीस जणांच्या हातात कात्री दिली. एकवीस वेळा हसली. बाविसाव्या वेळी तिने कात्री पुसून ठेवून दिली.

पाहुणे गेल्यावर दिव्याच्या उजेडात बसून तिने मला हातात घेतलं. चिरलेल्या दाताच्या फटीत सात-आठ केस अडकले होते, हातभर लांब. ओढले तर दातही सुटून आला. तिने दातासकट त्या केसांना फीत बांधली.

"कंगव्याचा दात पडला गं," काका हळूच म्हणाला.

"पडू दे. जरा लवकर सुचायला हवं होतं."

हे ती काकाला म्हणाली की मला, देव जाणे. मान मात्र आम्ही दोघांनी खाली घातली.

आता मी अकरा दातांचा, पेटीत असतो. थट्टा करायची खुमखुमी अजून आहे, पण ते कट-कट आठवतं आणि हसू दातांतच अडकतं. तुमच्या घरी माझे भाऊबंद असतील. ओल्या केसांत त्यांना जोराने घालू नका, आणि पाण्याआधी तेलाचा हात विसरू नका. आम्हाला स्वतःहून थांबायची अक्कल नसते.

रविवारी चर्चला जायच्या आधी काकू सवयीने तळहातावर तेल घेते. पोराचं डोकं भादरलेलं, काकाचं तसलं, आणि स्वतःच्या केसांना ती मला आता लावत नाही. मग ते तेल ती मलाच चोळते, दातादाताला, हळूहळू. मला! आता मी इतका गुळगुळीत झालोय की कुठल्याही गाठीतून अलगद घसरेन. पण घसरायला त्या घरात माझ्या वाट्याचे केस कुठे उरलेत?